लिसेलोचा शर्ट

परवा मोंगूच्या दवाखान्यात नर्स इनोंगेनं
पाकिटाच्या मागे आकडा लिहिला : सहाशे बारा.
"या तुझ्या राखणदार पेशी.
दोनशेच्या खाली गेल्या असत्या,
किंवा मेंदूच्या तापानं गाठलं असतं,
तर आम्ही एड्स लिहिलं असतं.
तुझ्या रक्तात विषाणू आहे. एवढंच."

एवढंच.
अकरा वर्षं मी हा शब्द गिळतोय
रात्री आठच्या बातम्या लागल्या की,
घोटभर पाण्याबरोबर.

आमच्या गावात दोन्हींना नाव एकच,
तेही कुजबुजून.
मावशी अजून माझी ताटली वेगळी विसळते.
तिला काय बोलणार, तिनं लिसेलोला पाहिलंय.
माझा थोरला. गोळ्या यायच्या आधीचा.
तोंडात पांढरा बुरा, पेज उतरेना,
शर्ट असा लोंबायचा
जसा वल्ह्यावर वाळत घातलाय.
विषाणू कधी शिरला, कुणालाच कळलं नाही;
कळलं तेव्हा रोग उंबऱ्याच्या आत होता.

मी विचारलं, म्हणजे पुरासारखं?
नदी वेगळी, घरात आलेलं पाणी वेगळं?
इनोंगे हसली. "नदीला गोळी देता येत नाही.
तुला येते. रोज."

परतताना झांबेझी मैदानभर पसरलेली.
होडी मीच वल्हवली, वर मक्याची दोन पोती.

घरी लिसेलोचा शर्ट काढून घातला.
पोटावर गुंडी लागेना.
मावशी बघत राहिली,
मग माझ्या ताटलीतला मासा
बोटांनी तोडून तोंडात टाकला,
म्हणाली, मीठ कमी आहे.