अर्धा गुण वजा

सोहारमध्ये ऑक्टोबरातही एसी बंद करता येत नाही.
जेवणाच्या टेबलावर दहावी-कचे बेचाळीस पेपर,
उडू नयेत म्हणून वर खजुराचा डबा.

प्रश्न तिसरा: शहर सोडून गेलेल्या मित्रास पत्र.
गुण आठ.

सतराव्या पेपरापर्यंत हात दुखायला लागला.
'यू' आता एकाच अक्षराने हिंडतो,
मागेपुढे कोणी नाही, भर बाजारात उघडाबोडका.
'बिफोर' म्हणजे बी आणि शेजारी चारचा आकडा,
जणू गाडीची नंबरप्लेट.
'प्लीज'मधली विनंती गेली,
उरले पी, एल, झेड,
दार आपटल्यासारखे.

वर्गात मी त्यांना सांगितलं होतं,
आमच्याकडे म्हणे 'ध'चा 'मा' झाला
आणि कोवळ्या पेशव्याचा जीव गेला.
एका अक्षरापायी, बरं का.
मागच्या बाकावरून इर्तिझा म्हणाला,
"मिस, ऑटोकरेक्ट असेल."
वर्ग हसला. मीही हसले,
फळ्याकडे तोंड करून.

हेच गाऱ्हाणं स्टाफरूममध्ये
अरबीच्या उस्ताद हमूदांपुढे मांडलं.
त्यांनी कहव्याचा पेला खाली ठेवला,
भिंतीवरच्या नोटिशीकडे बोट दाखवलं.
"हिच्यात ऱ्हस्व स्वर एकही लिहिलेला नाही.
ज्याला भाषा येते तो भरून घेतो."
मी म्हटलं, पण तुमच्या लोकांना
काय गाळलंय ते ठाऊक असतं.
"हो," ते म्हणाले, "तेवढंच आहे."
आणि पेला पुन्हा भरला.

तेवढंच.
घरी येईपर्यंत तो शब्द गाडीत माझ्या शेजारी बसून होता.
मोडीला तरी कुठे परवडायची
ऱ्हस्व-दीर्घाची चैन?
लेखणी न उचलता कारकून ओळ संपवायचा,
कोणी त्याला अडाणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.
आणि मी?
परभणीला धाकट्याला रोज रात्री पाठवते ते
इंग्रजी अक्षरांतलं मराठी:
जे, व्ही, एल, एस, पुढे के.
ना काना, ना मात्रा.
जेवलास का, एवढं त्याला त्यातून कळतं.
तो एक अंगठा पाठवतो.
जेवला की नाही, ते मला कळत नाही.

एकतिसावा पेपर नेविन कुरियाकोसचा.
पत्र ताहमीदला.
पत्त्याच्या जागी पत्ता नाही,
नुसता मोबाईल नंबर, तोही ओमानचा.
वडिलांचा व्हिसा गेला त्या आठवड्यात
तो बंद झाला असणार.
खाली पाच ओळी.
तू सांगितलं नाहीस.
तुझा बाक रिकामा आहे, एसी अजून त्यावरच गळतो.
मी तिथे माझी बॅग ठेवतो, कोणी बसू नये म्हणून.
क्रियापदं कुठल्या काळात आहेत
ते त्याचं त्यालाच माहीत.
'मिस यू'तला यू एकटा.
आणि सहीच्या वर दोनच अक्षरं: टीसी.

टेक केअर म्हणायचंय त्याला.
या पोरांत तसाच निरोप घेतात, मला माहीत आहे.
पण जूनमध्ये ऑफिसच्या खिडकीतून
ताहमीदच्या हातात पडला तो कागदही
टीसीच होता.
शाळा सोडल्याचा.
वर्गशिक्षिका म्हणून
खाली सही माझी.

दोन अक्षरांभोवती मी लाल गोल काढला.
नियम आहे, समासात पूर्ण रूप लिहून द्यायचं.
पेन टेकवलं.
कुठलं, ते ठरेना.
कागदावर शाईचा ठिपका वाढत गेला,
पूर्णविरामाहून थोडा मोठा झाला.

पत्त्याचा एक गुण कापला.
टीसीचा अर्धा.
मग त्या अर्ध्यावर काट मारली,
मग त्या काटेवर सही केली, तसाही नियम आहे,
आणि खजुराचा डबा बाजूला सारून
बत्तिसावा पेपर ओढला.