दोघांचा मार खाल्लेला

खडकी बाजारात गेनू वाघचौरेच्या टपरीपुढे,
जिथे चपलांच्या ढिगात उसवलेले ग्लोव्हजही पडलेले असतात,
संध्याकाळी साडेपाचला लढत सुरू होते.
लाल कोपऱ्यात व्हिक्टर साळवे, साल एकसष्ट.
निळ्या कोपऱ्यात लालसिंग परदेशी, साल अठ्ठ्याऐंशी.
दोघेही हेवीवेट, दोघेही चॅम्पियन,
एक दफनभूमीत, एक मुळेच्या पाण्यात.

इस्माईल बागवान म्हणतो, पहिल्याच फेरीत आटपेल.
व्हिक्टरचा डावा लागला की माणूस
आपलं नाव दुसऱ्याला विचारायचा.
शेलार म्हणतो, लागला तर ना!
लालसिंग एका जागी असायचा कधी?
गरम तेलातली मोहरी होती ती.
मोहरी? शहाण्णव किलोची?
तडतडायला वजन लागत नाही, बागवान.

मग ग्लोव्हज कुणाच्या काळातले, यावर अर्धा तास.
व्हिक्टरच्या वेळी आत घोड्याचे केस असायचे,
गेनूच्या बापाने पोत्यांनी भरलेत.
डोक्याला गार्ड घालायचा का?
गार्ड असेल तर व्हिक्टर येणारच नाही,
इस्माईल सांगतो, जणू सकाळीच विचारून आलाय.
रिंग कुठे? नेहरू स्टेडियम, शेलार म्हणतो.
पण एकसष्टला ते बांधलंच नव्हतं,
व्हिक्टर बिचारा स्वारगेटला उतरून शोधत फिरायचा.
ठरलं. फॅक्टरीचं मैदान.
पगारानंतरचा पहिला रविवार.

आणि मग दोघं माझ्याकडे वळतात,
कारण दोघांचाही मार खाल्लेला
अख्ख्या पुण्यात मी एकटाच उरलोय.

सहासष्ट साली मी एकोणीस वर्षांचा.
व्हिक्टरला सरावासाठी कुणीतरी जड हवं होतं,
मी कँटीनमध्ये तांदळाची पोती उचलायचो.
तेवढीच माझी पात्रता.
त्याचा ठोसा मनिऑर्डरसारखा यायचा,
उशिरा, पण बरोबर पत्त्यावर.
मारून झालं की विचारायचा, जेवलास का रे?
आणि उत्तराला न थांबता पुढचा.

लालसिंगसाठी मी पॅड धरले, चाळिशी उलटल्यावर.
त्याचा ठोसा दिसायचा नाही.
वीज गेल्यावर कळतं ना, पंखा चालू होता,
तसं आपण उभे होतो, हे पडल्यावर कळायचं.
तो काही विचारायचा नाही.
एकदा फक्त घरी आला, कागदाच्या पिशवीत संत्री घेऊन,
आणि चपला न काढता दारातच उभा राहिला.

बोल ना, कोण जिंकेल?

माझा उजवा कान बंद आहे.
तो कुणी घेतला, ते मला आठवत नाही.
बायको म्हणायची, व्हिक्टरनेच,
लग्नातही तुम्हाला मंगलाष्टकं अर्धीच ऐकू आली.
धाकट्या भावाचा संशय लालसिंगवर.
डॉक्टर म्हणाले, तीस वर्षं प्रेस मशीनवर होतात ना?
म्हणजे तिसरा कोपरा निघाला, पिवळ्या रंगाचा,
सरकारी, आणि तो अजून हरलेला नाही.

बाकावर इस्माईल माझ्या डावीकडे बसतो, शेलार उजवीकडे.
इस्माईलचं ऐकतो. शेलारचे ओठ हलले की मान डोलावतो.
दोघांनाही वाटतं, मी त्यांच्या बाजूचा.
पत्रा गळायला लागला की गेनू बाक फिरवतो,
मग दोन महिने माझ्यापुरता लालसिंग जिंकत असतो.

परवा एक मुलगी आली ग्लोव्हज न्यायला,
फार तर अठ्ठेचाळीस किलोची, सॅक पाठीला.
तिने सगळं ऐकलं, आणि मला काहीतरी विचारलं.
ती उजवीकडे उभी होती. मी मान डोलावली.
गेनूने डाव्या कानात ओरडून सांगितलं,
अरे, तुझा ठोसा कसा होता, विचारतेय ती!
तोवर ती तीस रुपये मोजून स्कूटरवर बसली होती.

एकदाच लागला होता, पोरी.
व्हिक्टरला, बरगडीच्या खाली, कसा ते माहीत नाही.
तो थांबला. माझ्याकडे नीट बघितलं पहिल्यांदाच.
म्हणाला, आज जेवलास वाटतं.