बांधाबांध

तुर्कूत जानेवारीत नऊ वाजून गेले की उजाडतं,
तेही हात राखून.
मी दिवा लावते, काचपट्टी सरकवते.
पट्टीवर आकडा असतो, नाव नसतं.
नाव मला ठाऊक आहे, नसायला हवं होतं:
तापानी हाउक्काला, गोदीत वेल्डर, वय छत्तीस.

नळ्यांचा आडवा छेद, जांभळा.
काठाला मूळ पेशी ठाण मांडून,
त्यांच्या आत एकेक पिढी मध्याकडे सरकणारी.
चौऱ्याहत्तर दिवसांची वाट.
इथे जेवढी जनुकं बोलतात
तेवढी मेंदूतही बोलत नाहीत म्हणे.
बाकी अंगभर मूग गिळून बसलेलीसुद्धा
इथे एकदा तोंड उघडतात.

आणि मग बांधाबांध.
मीटरभर धागा
टाचणीच्या टोकाहून लहान गाठोड्यात
आवळायचा.
आवळला की वाचता येत नाही,
म्हणून चिठ्ठ्या आधीच लिहायच्या:
शेपूट कधी, टोपण कुठे, जुनी रिळं काढून
नवे दोर केव्हा.
मिटून ठेवायच्या केंद्रकाशेजारच्या काळ्या ठिपक्यात.
लेखणी गेल्यावर कोणीतरी उघडायच्या.

तापानीच्या पेशी इथवर येतात.
गोल, भरल्या अंगाच्या,
शेजारणींशी अजून पुलांनी जोडलेल्या.
चिठ्ठ्या आहेत. मी रंगवून पाहिल्या, हिरव्या चमकतात.
उघडणारं एक जनुक मुकं आहे.
नळीच्या मध्यात
कोणी नाही.

मंगळवारी तो आला. सिनिक्का गाडीतच बसली.
डॉक्टर ओयाला समजावत होत्या,
तो टोपी मांडीवर घेऊन ऐकत होता.
मग म्हणाला,
"जहाजाचंही तसंच. इंजिन आधी उतरवतात,
मग वरचं डेक जोडतो आम्ही.
एकदा शिवण बसली की आत काही जात नाही."
थांबला.
"मी आजवर एकदाही घाई केलेली नाही."

कोणी काही बोललं नाही.
इथे त्याचं कोणाला वाईट वाटत नाही.

बघता येईल का, विचारलं त्याने.
नियमात बसत नाही. मी उठून खुर्ची दिली.
ठिणगीआधी धरत असेल तसा श्वास धरून
तो बराच वेळ वाकून राहिला.
"गाभोळी," म्हणाला,
"बर्फाला भोक पाडून वडील मासे काढायचे,
त्यांच्या पोटातली. अशीच.
आजारी दिसत नाहीत या."
"नाहीतच," मी म्हणाले.
"मग?"
"थांबल्यात."

अहवालात एक ओळ पुरते:
विकास गोल अवस्थेत खुंटलेला.
चिठ्ठ्या शाबूत, याला रकाना नाही.
तरी मी समासात पेन्सिलीने लिहिलं,
मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

खाली गाडीच्या काचेवर बर्फ धरला होता.
तो खरवडत होता, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.
सिनिक्का उतरली,
तिच्याकडे खरवडणी नव्हती,
दुकानाचं कसलंसं कार्ड काढून
ती दुसऱ्या टोकाने लागली.