दोनदा मोजलेला खंड्या

पहाटे साडेपाचला ओहोटी लागते
आणि खोर कल्ब्याचं पाणी
तिवरांच्या पायांतून निघून जातं,
उधारी राहिलेला माणूस दुकानावरून जातो तसं,
मान वळवून.

चिखलातून वर आलेली श्वासाची मुळं.
गावी त्यांना काय म्हणायचो, आठवत नाही.
काही म्हणत नसू बहुतेक.
अनवाणी पायाला टोचायची, शिवी द्यायचो, एवढंच.

हे जंगल दोन देशांत आहे.
अलीकडचं आमचं, म्हणजे मला व्हिसा देणाऱ्यांचं.
पलीकडे ओमान.
मधलं कुंपण डोंगरावरून रुबाबात उतरतं
आणि चिखलाशी आल्यावर
पुढे काय करायचं ते त्याला सुचत नाही.
शेवटचा खांब कलंडलाय.
त्याला कालवं धरलीत.

आज मोजणी.
पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या,
जो म्हणे ह्या दोन-चार खाड्या सोडून कुठे नाही,
दोन्ही बाजूंनी एकाच वेळी मोजायचा.
मेहरीन मॅडम दुर्बिणीतून बघतात,
मी वहीत रेघ मारतो.
पलीकडे खमीस.
चार वर्षांत त्याला जवळून पाहिलेला नाही.
एक पांढरा ठिपका, डोक्याला फडकं.
तो हात करतो, मी हात करतो.
फोनवर विचारतो, "कम?"
किती, एवढंच.
मी आकडा सांगतो. अरबीत मला आकडेच येतात.

सातच्या सुमारास एक उठला
आमच्या फांदीवरून,
चोचीत खेकड्याचं पिल्लू,
आणि सरळ निळा जाऊन
खमीसच्या झाडावर बसला.
माझी रेघ वहीत तशीच.
पलीकडच्या वहीतही आता एक असणार.

दुपारी बेरीज. आमचे चौदा, त्यांचे सतरा.
"मॅडम, ह्यातले काही तेच असतील."
"असतील ना."
"मग वजा कोणी करायचे?"
त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
"तुझ्यातले देतोस?"

मला ह्यात नवं काही नाही.
दाभोळच्या मतदार यादीत मी आहे,
दर वेळी माझं मत पडलेलंही असतं.
इथे कॅम्पच्या यादीत मी आहे,
खोली नऊ, वरची खाट.
दोन्हीकडे हजर.
आईला विचाराल तर ती तिसरंच काही सांगेल.

एक गोष्ट मॅडमना सांगितलेली नाही.
अकरा वर्षांचा होतो.
कोलंबीच्या तळ्यासाठी खाडीकाठची तिवर काढायची होती,
बापाने गुंठ्यावर बोली घेतलेली.
भांगाच्या दिवसांत पाणी कमी,
आठवड्यात किनारा मोकळा केला.
माझा कोयता लहान होता. पण चालला.
कोलंबीला दुसऱ्या वर्षी रोग लागला,
तळं अजून आहे, त्यात काहीच नाही.

आता काळ्या पिशव्यांतून तेच झाड वाढवतो,
महिन्याला बाराशे दिरहम,
वर ओव्हरटाइम.
रोपाला दोन जाड पानं फुटली
की बोट लावून बघतो.
पानाच्या पाठीला मीठ असतं.
चाखू नये म्हणतात. मी चाखतो.

इथे सूर्य डोंगरामागे लवकर जातो.
संध्याकाळी पाणी परत चढलं,
मी दुर्बीण पेटीत ठेवत होतो
तेवढ्यात खमीसचा फोन.
ह्या वेळी हिंदीत, तुटक,
"एक और है. लिखूँ?"
"किधर बैठा है?"
तो थोडा वेळ बोललाच नाही.
"वो खंबा. टेढ़ावाला."

मी पाहिलं. खरंच.
कालवांच्या वर, टोकाला,
गळपट्टा तेवढा दिसत होता.
"रुक," मी म्हटलं, "पहले उड़ने दे."
"हाँ. जिधर जाएगा, उसका."

दोघं फोन कानाला लावून उभे.
त्याच्याकडे बांग सुरू झाली, फोनमधून ऐकली,
मग आमच्याकडची.
पाणी पहिल्या कालवापर्यंत आलं,
दुसऱ्यापर्यंत आलं.
पेन्सिल माझ्या हातात होती.

तो उडेना.