सांधामोड

कशेळीच्या सड्यावर, पाण्याच्या टाकीमागे
रेंजच्या दोन कांड्या येतात.
तिसरी आली तर ती वाऱ्याची कृपा.
तिथे उकिडवी बसून मी पाखाडी बांधते,
खेळातली. खरी आमच्या घराकडे उतरते,
एकशे बारा पायऱ्या, त्यातली एक हलती.
तीही मी घेतली आहे.
त्यासाठी दोन सेकंदांत विरघळणारा ठोकळा मिळतो, निळा.
त्यावर पाय देऊन जो विचार करत थांबतो
तो खाली वहाळात.

घसरवणारा ठोकळा आहे, उडवणारा आहे, काट्यांचा आहे,
एक फक्त खालून वर जाऊ देतो, परत येऊ देत नाही,
आणि एक साधा, लांबट, तांबडा,
ज्याला काहीच येत नाही.
मला तोच सगळ्यात जास्त लागतो.

पप्पांना दाखवला.
त्यांच्या नखांत चिऱ्याची भुकटी,
स्क्रीनवर बोट टेकलं तिथे लाल रेघ उठली.
म्हणाले, हा हवेत कशावर उभा आहे?
कशावरच नाही, म्हटलं. ठेवला की राहतो.
त्यांनी फोन परत दिला,
गाडीतून उतरलेले चिरे मोजायला निघाले,
चौदा-नऊ-सातचे, कडा फुटलेले वेगळे,
आणि गडग्यापाशी थांबून म्हणाले,
बरं आहे. सिमेंट वाचलं.

रात्री साडेनऊला मुकाबेडूक७ येतो.
कुठला, कोण, माहीत नाही.
बोलत नाही, फक्त बांधतो.
मी एकदा साकव टाकला,
सात तांबडे एका रांगेत, खाली नुसतं आभाळ.
डास मारून परत बघते
तर त्याने साकवाखाली खांब उभे केलेत, थेट तळापर्यंत.
एकशे चाळीस ठोकळे खर्च.
खेळ सगळे मिळून पाचशेच देतो.

मी पुसले. त्याने पुन्हा घातले.
मी लिहिलं, इथे काही पडत नाही रे.
त्याने लिहिलं, माहीत आहे.
आणि बाजूला भिंत रचायला घेतली,
वरचा ठोकळा खालच्या दोघांवर अर्धा-अर्धा,
जसं पप्पा बसाप्पाला ओरडून सांगतात,
सांधामोड कर, सांध्यावर सांधा आणू नको,
भिंत पहिल्याच वर्षी चिरते.

तेव्हा मला वाटलं, ओळखला.
याच्याही घरात दाराआड थापी असणार,
खिळ्याला ओळंबा,
याचाही बाप संध्याकाळी विहिरीवर
अंगावरून तांबडं पाणी काढत असणार.
दोन दिवस मी हे कोणाला सांगितलं नाही.
बाकावरच्या नमिराला सुद्धा नाही.

तिसऱ्या रात्री वीज गेली, टॉवर बसला.
मी होते सत्तराव्या पायरीच्या काठावर.
रेंज गेली की आपण मरत नाही,
नुसते उभे राहतो दुसऱ्यांच्या पडद्यावर,
आणि कोणीही ढकलून जातं.
सकाळी शाळेआधी सड्यावर धावले.
खोली त्याने रात्रभर उघडी ठेवली होती.
माझी मी तिथेच होते. भोवती चार भिंती, सांधे मोडलेले,
वर कौलांसारखा उतार,
डावीकडे बाहेर पडायला एक फट,
बेडकाएवढी.

लिहिलं, तुझे पप्पा गवंडी ना?
तीन ठिपके बराच वेळ उड्या मारत राहिले.
नाही. पोस्टात आहेत.
मग पुन्हा ठिपके.
मला ते हवेत लटकलेलं बघितलं की पोटात गोळा येतो.
बस एवढंच.

मी थोडा वेळ त्या फटीत उभी राहिले.
दप्तर पाठीवर, टाकीचं पाणी टपटपत होतं.
मग उरलेले ठोकळे मोजले. सव्वीस.
निळ्या पायरीखाली एक तांबडा ठेवला.
आता ती विरघळते, पण कोणी पडत नाही.
फारच सोपी, म्हणून तिघांनी लेव्हलला एकच तारा दिला.

खरीचं विचारलं.
पप्पा म्हणतात, रविवारी बघू.