हातउसने

सप्टेंबर सरत आला. खिडकीबाहेर बाल्टिक, शिशासारखा.
हीटर लावलेला नाही, कारण उर्वे म्हणते,
एस्तोनियात ऑक्टोबरच्या आधीची थंडी ही निव्वळ अफवा.
काल्यो बाहेर जाळ्यातून पक्षी सोडवतोय
आणि आम्ही दोघी पायथनच्या तळघरात उतरून
सी भाषेच्या मिणमिणत्या उजेडात
एक डिक्शनरी चाचपतोय.

किल्ली म्हणजे पायातल्या कड्याचा नंबर.
त्यामागे पंखाची लांबी, वजन, चरबी, त्या दिवशीचा वारा.
चाळीस शरद ऋतूंचे पक्षी आत आहेत.
वरच्या मजल्यावर हे एका ओळीचं काम,
तिथे कोण कुणाला धरून आहे हे कुणी विचारत नाही.
खाली विचारावं लागतं.
इथे प्रत्येक वस्तूच्या कपाळावर एक आकडा असतो:
किती जणांनी तिला धरलंय.
शून्य झाला की वस्तू गेली.
जागा लगेच दुसऱ्याला.
सुतक नाही.

आमचा प्रोग्राम पहाटे तीनला पडतो.
रोज नाही. पडतो तेव्हा मागे दोन शब्द, तेही कुणाच्या कामाचे नाहीत.

उर्वे माझा कोड वाचते, ओठ न हलवता,
पेन्सिल मात्र हलते.
"इथे तू डिक्शनरीला नोंद मागितलीस. तिने दिली.
पण ही हातउसनी आहे. तुझी नाही.
तीन ओळी खाली तू तोच नंबर पुसून टाकलास.
आणि मग त्या नोंदीला वजन विचारलंस.
कुणाला विचारलंस?"

दिवसा आजची यादीसुद्धा तीच नोंद धरून असते,
म्हणून माझं खोटं खपून जातं.
तीनला यादी रिकामी होते.

मागच्या महिन्यात मी घाबरून उलटं केलं होतं.
दिसेल ते घट्ट धरलं, आकडे वाढवत गेले,
सोडलं काहीच नाही.
काही पडलं नाही तेव्हा. फक्त मशीन फुगत गेलं,
अडगळीच्या खोलीसारखं, आत पाय ठेवायला जागा उरली नाही.
"डिक्शनरीत ठेवलंस की ती स्वतःची पकड घेते,"
उर्वे म्हणाली होती, "तुझी तू सोडायची.
यादीचं वेगळं. ती हातातून ओढूनच घेते."
मी लिहून ठेवलं होतं. वही घरी होती.

दार ढकलून काल्यो आत येतो. मुठीत पक्षी,
मान दोन बोटांच्या मध्ये, डोक्यावर पिवळी रेघ.
इथले लोक याला अंगठ्याएवढा पोरगा म्हणतात.
वजन साडेपाच ग्रॅम.
कडं जुनं आहे. नंबर वाचतो. मी शोधते.
डिक्शनरी गप्प. चूक नाही, तक्रार नाही, नुसतं रिकामं उत्तर.
"नाहीये," मी म्हणते.
काल्यो मुठीकडे बघतो. मग माझ्याकडे.
"मग हे काय आहे?"
"आपल्याकडे नाहीये," उर्वे म्हणते. "फिनलंडला विचार."

सोडायला तो माझ्या हातात देतो.
काळीज धडधडतंय, माझं का त्याचं, कळेना.
बोटं उघडली तरी पक्षी बसून राहिला.
"बसतात," काल्यो म्हणाला. "पकड सुटलेली त्यांना उशिरा कळते."
मग तळहात एकदम हलका झाला. होताच हलका.

परत येऊन मी दोन ओळी घातल्या.
पुसण्याआधी एक: धर.
वजन विचारून झाल्यावर दुसरी: सोड.
मधल्या कुठल्या वाटेने बाहेर पडलो तरी सोडलं जाईल ना,
हे उर्वेने चार वेळा विचारलं. चौथ्यांदा खरंच एक वाट राहिली होती.

रात्री मी थांबले.
दोन एकोणसाठ. तीन.
यादी रिकामी झाली. पंखा घरघरला.
तीन वाजून चार मिनिटं.
काहीच झालं नाही, ते मी बसून पाहिलं.
मग उर्वेला न सांगता
हीटर लावला.