टायरची तार

रात्रपाळी संपते तेव्हा बोटांना
अजून जेलीचा वास असतो.
रात्रभरात तीस-चाळीस काळजं
कागदावर उतरवून मी वरच्या मजल्यावर पाठवते.
काल एका आजोबांनी शर्टाची बटणं सोडता सोडता विचारलं,
"मराठी कुठं शिकलीस गं? नायजेरियाची ना तू?"
म्हटलं, "डोंगरीची. हलू नका, रेघ बिघडते."

रेघ बिघडली नाही. चांगली निघाली त्यांची.

घरी आले तर ओट्यावर एक बाई.
टॅक्सीवाल्यानं आणून सोडलेली, थेट माझ्या दारात:
"तुमचीच पाहुणी असणार."
तिनं त्याला पत्ता दुसराच दाखवला होता,
त्यानं पत्ता वाचलाच नाही, तिचे केस वाचले.
झुरेमा. ब्राझीलच्या बाहियाची.
गळ्यात निळे मणी, पायात माझ्यासारखीच रबरी चप्पल.

चिल्ल्यात इदरीसमामू मलुंगा पुसत होता.
मलुंगा म्हणजे काय, तर
वाकवलेला बांबू, एक तार, एक भोपळा.
बावा गोरचं नाव घेऊन काठी मारायची
आणि भोपळा पोटाशी धरायचा,
लेकरू धरावं तसा.
झुरेमानं पाठीवरची लांबलचक पिशवी उघडली.
वाकवलेलं लाकूड. एक तार. एक भोपळा.

मामू बराच वेळ गप्प.
मग त्यानं नखानं तिची तार खरवडली.
"टायर?"
"पनेऊ," ती म्हणाली, आणि हवेत चाक फिरवलं.
कुर्ल्याच्या भंगारातलं टायर चिरून
तार काढताना कापलेला अंगठा मामूनं दाखवला.
तिनं तिचा दाखवला.

वाजवायला बसले तर जमेना.
"हिला फार घाई," मामू कुरकुरला.
ती भुवया उडवत राहिली, तो म्हातारा मुद्दाम मागे रेंगाळत राहिला.
माझं कामच ठोके मोजायचं, म्हणून मोजले:
अकरा.
अकरा ठोके दोघांचे एकावर एक पडले,
मग पुन्हा फाटे फुटले,
आणि गल्लीतल्या कुणीतरी दूधवाल्याला हाक मारली.

आमच्या जिक्रात चार शब्द आहेत
जे कुणालाच कळत नाहीत.
झुरेमानं अर्थ विचारला, खुणेनं.
मी मामूला विचारला.
"अर्थ बुडाला," मामू म्हणाला, "चाल पोहत आली."
आणि विडी पेटवली.
त्याचा बाप बोटीवर कोळसा ओढायचा, भट्टीपाशी, तळात.
जग फिरला, पण एकही किनारा दिसला नाही म्हणायचा.
आमच्या घरात देश म्हणजे तेवढाच:
कोळसा, आच, वर कुठंतरी पाणी.

दुपारी माई मिसराची खिचडी होती, फक्त बायकांची.
झुरेमाला मध्ये बसवली.
हूरबाईनं तिचा निळा मणी चिमटीत धरून विचारलं,
"ही कोणाची?"
तिनं हातानं लाटा केल्या, मग पोटावर हात ठेवला.
समुद्रातली आई.
हूरबाईनं मान हलवली, जणू वरच्या माळ्यावरच्या
शेजारणीचं नाव ऐकलं.
"आमचीपण समुद्रावरूनच आली," म्हणाली,
आणि तिच्या पानात तूप वाढलं.

संध्याकाळी तिला भाऊच्या धक्क्यावर नेलं.
माशांच्या पाट्या, बर्फाचा चिखल, डिझेल.
तिनं वाटेत दोन गजरे घेतले होते.
मला वाटलं, एक माझ्यासाठी.
दोन्ही तिनं पाण्यात सोडले,
काहीतरी पुटपुटली, मी विचारलं नाही.
मामू मात्र खांबाला धरून उभा,
ऐंशी वर्षं या शहरात, समुद्राकडं पाठ करून.

गजरे तेलाच्या तवंगावर फिरत राहिले,
बाहेर जाईनात.

शेजारी एक कोळीण पाटी विसळत होती.
आमच्या तिघांकडं बघितलं तिनं,
मोगऱ्याकडं बघितलं,
आणि हात थांबवून हळूच विचारलं,
"कोन गेलं गं तुमचं?"

मी, जी दिवसरात्र मोजते,
म्हटलं,
"मोजलेलं नाही, मावशी."